पेणकरांचा टीव्ही आणि नियम क्रमांक चौदा

बटण कोणी दाबायचे याचा नियम असल्याशिवाय समाज सुसंस्कृत होत नाही. आमची शनिवार पेठेतली सोसायटी चोवीस बिऱ्हाडांची आणि एकतीस नियमांची आहे. मी तिचा सचिव. नियम चौदा माझाच: दुसऱ्याच्या घरातील उपकरणास त्याने स्पष्ट सांगितल्याखेरीज हात लावू नये. (पूर्वी एकदा मी गच्चीवरचा साठ्यांचा नळ परस्पर बंद केला होता. साठे खाली साबण लावून बसले होते.)

दुसऱ्या मजल्यावरचे एझ्रा पेणकर हे निवृत्त पोस्टमास्तर, धर्माने ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. त्यात विजेच्या बटणाला हात लावायचा नाही आणि दुसऱ्या कुणाला "बंद कर" असेही सांगायचे नाही. आडून सुचवलेले चालते. इतका बारकाईचा नियम पाहून मला हेवाच वाटला.

२००७च्या एप्रिलात एका शुक्रवारी संध्याकाळी भारनियमनात लाइट गेले, तेव्हा पेणकरांचा टीव्ही चालू होता. बंद करायचा राहिला. सूर्य मावळला, मग लाइट आले, आणि पोट कमी करणाऱ्या पट्ट्याची जाहिरात मोठ्या आवाजात सुरू झाली. ती रात्रभर चालली.

शनिवारी दुपारी एकला पेणकर तांबारलेल्या डोळ्यांनी गॅलरीत आले. आता निदान दुपारची झोप मिळावी, एवढेच त्यांना हवे होते. शेजारच्या गॅलरीत बाळ साठे उभे होते.

"साठे, घरात फार आवाज आहे हो."

"आम्हालाही ऐकू येतोय."

"अशात माणसाला झोप कशी लागणार?"

"नाहीच लागत. मग? मी काय करू म्हणता?"

नेमके तेवढेच पेणकरांना म्हणता येत नव्हते.

मी जिन्यात तातडीची सभा बोलावली (हजर एकोणीस, जांभया देणारे एकोणीस). पेणकरांनी सभेला अकरा गोष्टी सुचवल्या. अकराही इतिवृत्तात नोंदल्या, परंतु नियमांत 'सुचवणे' हा प्रकारच नसल्याने एकीवरही कार्यवाही होऊ शकली नाही. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "अहो, दार उघडंच आहे, मी येते बंद करून!" त्यांना नियम चौदा वाचून दाखवला. खराडीला आयटीत असणारा अभिनव म्हणाला, "बरोबर आहे काका. आमच्याकडेही टिकिट रेझ केल्याशिवाय, म्हणजे रीतसर तक्रार नोंदवल्याशिवाय, कुणी सर्व्हरला हात लावत नाही." मुलगा पुढे जाईल.

दोनला पुन्हा लाइट गेले. उकाड्यात का होईना, अख्खी इमारत गाढ झोपली. त्या तीन तासांत टीव्हीचे बटण बंद करून ठेवावे हे कुणालाच सुचले नाही. पाचला पट्टा परत आला.

चांदण्या दिसल्यावर पेणकरांनी स्वतः टीव्ही बंद केला आणि थेट माझ्या दारात आले.

"सचिवसाहेब, साठ वर्षं शब्बाथ पाळतोय. अख्ख्या इमारतीनं पाळलेला आजच पाहिला. मला देवाची आज्ञा होती. आपल्याला कोणाची होती?"

मी त्यांना नियमांची प्रत दिली.

आता तुम्ही म्हणाल, हा सचिव माठ आहे, मी असतो तर उठून बंद केला असता. अवश्य. तुमच्या जिन्यातला दिवा आठवडाभर भरदुपारी जळतोय, आणि तुम्ही रोज त्याच्याखालून जाता. कुणी सांगितलं नसेल, नाही का?