गादी, नग एक

ढाणकीजवळच्या बंजारा तांड्यातल्या प्रेमसिंग यांनी जुनी स्टेशन वॅगन विकत घेतली, ही घटना तशी कोणाच्याही अधिकारात ढवळाढवळ करणारी नव्हती. त्यांच्या पत्नी चंदाबाई यांच्या कण्यातली चकती सरकून नस दबली होती. यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की बसून प्रवास बंद, आडवं होऊनच यायचं. सोळा तारखेला शस्त्रक्रिया होती आणि ती चुकली तर डावा पाय कायमचा जाणार होता. यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर, त्यात नंतरचे सहा महिने खेटे. माणूस आडवा नेता येईल अशी गाडी घरचीच असावी, असं प्रेमसिंगांना वाटलं. माणसाला कधीकधी असलं काहीबाही वाटतं.

गाडी नेरच्या भगवानरावांची. त्यांनी तिच्यातून बारा वर्षं सरकीची पोती आणि लग्नाची वऱ्हाडं सारख्याच मायेनं वाहिली होती. मागचं दार वर उचलून ते म्हणाले, "मागची सीट काढून टाका, पुरी खाट मावते. माह्या बापाले यातच नेलतं. जित्तेपणी." प्रेमसिंग स्वतः आत उताणे पडले. पाय मोकळे राहिले. बेत तिथंच ठरला: सीट काढायची, कापसाची जाड गादी टाकायची, खिडकीला एक पडदा लावायचा. बस्स, एवढंच.

पण इथं प्रेमसिंगांच्या हातून चूक झाली, आणि ती तांड्यातल्या माणसाच्याच हातून व्हावी अशी होती. त्यांनी विचारलं. तांड्यात सोयरीक असो की विहीर, आधी तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, दारी जाऊन विचारायचं आणि नायकानं चहा पाजून हो म्हणायचं, ही रीत. नायक देवसिंग यांनी गादीच्या विषयातही चहा पाजून हो म्हटलं. सरकार म्हणजे तरी काय, मोठा नायकच, असं समजून प्रेमसिंग यवतमाळला वाहनांच्या कार्यालयातल्या फेरफार कक्षात गेले आणि गाडीत गादी टाकू का, असं त्यांनी अदबीनं विचारलं. अठरा वर्षांत तिथं येऊन कोणी असं विचारलं नव्हतं.

कक्षातल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी नियम शांतपणे समजावून सांगितला. मागची सीट काढली की पाच आसनी गाडी दोन आसनी होते. मागं मोकळी जागा असलेली दोन आसनी गाडी म्हणजे मालवाहू. मालवाहूत माणूस नेणं गुन्हा. तोच माणूस आडवा असेल तर ती रुग्णवाहिका, आणि रुग्णवाहिकेला भोंगा, प्राणवायू व प्रशिक्षित परिचारक लागतो.

"तिले भोंगा कायले पाह्यजे, बाई? थे तं गुपचूप पडून राह्यते," प्रेमसिंग म्हणाले.

"मग एकच मार्ग उरतो," बाई म्हणाल्या. "प्रवासी हा माल म्हणून दाखवा."

त्यासाठी वेगळा अर्ज होता. मालाचं वर्णन, मालाचं वजन आणि माल नाशवंत आहे की टिकाऊ. प्रेमसिंग पेन धरून बराच वेळ बसले. तीस वर्षं चंदाबाईंनी कापूस वेचला, तूर सोंगली, तीन लेकरं वाढवली आणि पाठ मोडेपर्यंत तोंडातून ब्र काढला नाही. त्यांनी 'टिकाऊ' असं लिहिलं आणि मग त्यांना पुढच्या ओळी नीट दिसेनात. त्या बाईंनी वाचून दाखवल्या. बदल केलेल्या गाडीचं छायाचित्र अर्जाला जोडावं. परवानगीपूर्वी कोणताही बदल करू नये. अर्जाचा निकाल लागेपर्यंत गाडी जागेवरून हलवू नये.

प्रेमसिंगांनी गाडी कडुनिंबाखाली लावली, चावी खुंटीला अडकवली आणि ते एसटीनं खेटे घालू लागले. आठ खेटे झाले. दर खेपेला बाई आपुलकीनं चंदाबाईंची प्रकृती विचारत आणि फाइल वर गेली आहे असं सांगत.

इकडं थोरला मुलगा बादल यानं चावी खुंटीवरून काढली. बादल कोणालाच काही विचारत नसे, त्यामुळं त्याची सगळी कामं वेळेत होत. त्याला पंचायत समितीचं तिकीट हवं होतं, आणि तिकिटाला गाडी लागते. त्यानं पुढं आठ दिवे बसवले, समोरून येणारा शेतात उतरावा असे. पक्षाच्या साहेबांना उभं राहून हात हलवता यावा म्हणून टपाला भोक पाडलं. समोरच्या काचेवर साहेबांचं नाव, स्वतःचं नाव आणि सतरा कार्यकर्त्यांची नावं रंगवली. रस्ता पाहण्यासाठी दोन नावांच्या मधली बोटभर फट उरली, तिला एक डोळा लावून तो गाडी हाकी. मागची सीट काढून तिथं गाण्यांचा कपाटाएवढा डबा वेल्डिंग करून टाकला. चौकाचौकांत त्याला नमस्कार मिळू लागले.

बारा तारखेला पाहणी अधिकारी तांड्यात आले. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, भोकातून डोकं बाहेर काढून फोटो काढून घेतला आणि दिवे कुठून आणले ते लिहून घेतलं. मग त्यांना डब्याच्या बाजूला गुंडाळी करून कोंबलेली गादी दिसली. प्रेमसिंगांनी ती सकाळीच आशेनं आणून ठेवली होती. अधिकाऱ्यांचा चेहरा उतरला.

"हिची परवानगी?"

"अर्ज केला आहे जी."

"म्हणजे परवानगी लागते हे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून केलं."

प्रेमसिंगांना आयुष्यात पहिल्यांदा राग आवरेना. "मंग ह्या दिव्याचं काय, साहेब? टपाले एवढं भोक पाडलं त्याचं काय?"

"त्याचा अर्ज केला होता?"

"नाई."

"मग तो विषय कार्यालयासमोर नाही."

पंचनामा झाला. 'गादी, नग एक, कापसाची, विनापरवाना, सुस्थितीत.' दोन पंचांनी सह्या केल्या. गादी सरकारी जीपच्या मागच्या भागात आडवी होऊन शंभर किलोमीटर आरामात गेली.

सोळा तारीख उजाडली. त्याच दिवशी पक्षाच्या साहेबांची मिरवणूक होती. प्रेमसिंगांनी डबा काढायला सांगितला, तर बादल म्हणाला, "बा, वेल्डिंग आहे थे, असं निघत नाई. आजच्या दिवस जमवून घ्या. तिकीट भेटलं का याडीले विमानानं नेतो." याडी म्हणजे आई, आणि बादलचं तिच्यावर खरंच प्रेम होतं. भाड्याची गाडी पाहावी, तर ढाणकीतली एकूण एक गाडी मिरवणुकीला लागलेली. शेवटी प्रेमसिंगांनी चंदाबाईंना एसटीत चढवलं. बसता येत नव्हतं म्हणून त्या चालकाच्या मागं, दांडीला धरून उभ्या राहिल्या. प्रत्येक खड्ड्याला त्यांचे ओठ पांढरे पडत होते.

उमरखेडच्या अलीकडं एसटी थांबली. पुढं मिरवणूक होती, आणि एसटीच्या अगदी समोर त्यांचीच गाडी. तिच्या मागच्या काचेवर लाल अक्षरं होती. चंदाबाईंना वाचता येत नव्हतं.

"बादलचे बा, काय लिवलं आहे थे?"

"'याडी, हे गाडी तुह्यासाठी,'" प्रेमसिंगांनी वाचून दाखवलं.

"मंग मले जागा काहून नाई त्यात?"

एसटी अडीच तास उभी होती. त्या यवतमाळला पोचल्या तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली. डावा पाय त्याआधीच, एका आठवड्यात, उचलायचा थांबला.

एसटीतल्या कोणीतरी पुढच्या काचेतून त्या गाडीची मोबाइलवर चित्रफीत काढली होती. कोपऱ्यात दांडीला धरलेला एका बाईचा हात येत होता, तो कापून टाकला. खाली लिहिलं, 'आईला विसरला नाही असा युवा नेता.' दोन लाख लोकांनी ती पाहिली. तुम्ही एसटीत नव्हतात, हे कबूल. तुम्ही घरी होता. मुलगा असावा तर असा, असं शेजारच्या माणसाला म्हणालात, लाल बदाम दाबलात आणि पुढच्या फितीवर गेलात.