खंडेरावांच्या फाटकावर प्रीतीची स्वारी

मुक्काम नाशिक, कॉलेज रोडमागची बदामगल्ली, साल चालू, नाताळ सरल्यावरचा दुसरा रविवार. ते दिवशी गल्लीतील तिन्ही ख्रिस्ती मंडळ्यांची, म्हणजे तीन चर्चची, एकवट फौज शेजाऱ्यावर प्रीती करण्यास निघाली, तीस आरंभी सपशेल अपयश आले आणि मागाहून यश आले, ते कसे, हे पुढील पिढ्यांस ठाऊक असावे म्हणून ही हकीकत लिहिली आहे. जे पाहिले ते पाहिले म्हणून लिहिले, ऐकले ते ऐकले म्हणून लिहिले, आणि दोन पक्षांच्या सांगण्यात फरक पडला तेथे दोघांचेही ठेविले.

गल्लीचा मुलूख ऐसा. उत्तरेस थोरली मंडळी, तिचे पाळक रेव्हरंड प्रभाकर उजागरे, घराणे जुने, उपदेश लांब. दक्षिणेस मिस्सावाले, म्हणजे कॅथलिक, त्यांचे फादर सायमन तुस्कानो, मूळचे वसईचे, बोलणे थोडके, पटांगण मोठे. पूर्वेस पत्र्याच्या शेडमध्ये हालेलुयावाले, त्यांचे पास्टर दिनेश भोये, सुरगाण्याच्या डोंगरातले, आवाज खडा. त्यांची काही माणसे दर रविवारी जीपने घाट उतरून येत. आणि पश्चिमेस, उताराच्या तळाशी, एक लोखंडी फाटक, आणि फाटकाच्या आत खंडेराव निकम, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, व त्यांचे कुटुंब मालनबाई.

तिन्ही मंडळ्यांचा देव एक, ग्रंथ एक, परंतु परस्परांत दळणवळण नव्हते. यास कोणी धर्मशास्त्रातील मतभेद कारण सांगेल, तर ते खरे मानू नये. कारण रस्सीखेच. पूर्वी एका नाताळात फादरांच्या पटांगणावर सामने भरले, त्यात थोरली मंडळी व मिस्सावाले यांच्या झुंजीत कोणाचा पाय आधी चुन्याच्या रेघेपार गेला यावरून तंटा पेटला, आणि पंच हालेलुयावाले होते, त्यांनी रेघच पुसली गेल्याचा निवाडा दिला, मग दोन्ही पक्ष त्यांजवरच उलटले. फादरांनी दोर जप्त करून कोठीत टाकिला, पटांगण परक्या मंडळ्यांस बंद केले, आणि तेव्हापासून इतरांच्या गाड्या गल्लीत उभ्या राहू लागल्या. गल्लीत सपाट जागा एकच, खंडेरावांच्या फाटकापुढची. त्यातही बदामाच्या सावलीची जागा ललिताबाई शिरसाठ यांच्या पांढऱ्या ॲक्टिव्हाची. ललिताबाई थोरल्या मंडळीच्या महिला मंडळाच्या मुख्य, त्यामुळे ती जागा वतनाची समजली जाई.

आता खंडेरावांची अडचण लिहिणे प्राप्त आहे, कारण सारी मोहीम तिजभोवती फिरते. मालनबाईंचे दोन्ही गुडघे गेल्या श्रावणात बदलले. त्यांची थोरली बहीण शकुबाई पिंपळगाव बसवंतास अंथरुणास खिळलेली, तिला फोनवरचे ऐकू येईना, म्हणून भेट ती समक्ष भेट. मालनबाईंस गल्लीच्या तोंडापर्यंत चालवत नाही, गाडी दारातच लागते, आणि गाडीत उचलून बसविण्यास चिरंजीव रोहित लागतो. रोहित सातपूरच्या कारखान्यात, त्यास मोकळीक फक्त रविवारी सकाळी, दुपारी पाळी. पहाटे निघावे तर नव्या गुडघ्यांस थंडीत ऊन लागल्यावाचून जाग येत नाही, आणि ऊन वर येते तोवर फाटकास वेढा पडलेला. वेढा उठे तो उपासना सुटल्यावर, आणि तेव्हा रोहित पाळीस निघे. ऐसे करून दिवाळीपासून बहिणींची भेट नव्हती. पिंपळगावाहून निरोप येई की मालूला मी आता नकोशी झाले. आणि हा रविवार शेवटचा होता, कारण सोमवारी शकुबाईंचा मुलगा त्यांस कायमचे पुण्यास नेणार होता.

खंडेरावांनी पूर्वी तक्रार केली नव्हती काय? केली होती. दर रविवारी केली, आणि दर रविवारी उत्तर मिळाले की काका, फक्त उपासना सुटेपर्यंत. मग ते थांबले. घाटात रस्ता मोकळा होईतो इंजिन बंद करून बसण्यात त्यांची हयात गेली होती. हॉर्न वाजविणे हे त्यांच्या मते नवशिक्याचे लक्षण.

ऐशा काळी युरोपातून खबर आली. रेव्हरंडांची कन्या मंजुषा जर्मनीत नर्स आहे, तिने व्हिडिओ कॉलवर सांगितले की इकडे देशोदेशीच्या मंडळ्या, ल्यूथरवाले, पोपवाले, ग्रीक रीतीचे, सर्व मिळून शेजाऱ्यांची सेवा करितात, परक्या मुलखातून आलेल्यांस भाषा शिकवितात, एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस करितात. "पप्पा, आमच्या गल्लीत कॅथलिक सिस्टर आणि ल्यूथरन पाळक एकाच पातेल्यातलं सूप वाढतात. तुमच्याकडे काय चाललंय?"

रेव्हरंडांनी नेटवर्क गेल्याचे दाखविले. परंतु बोल वर्मी बसला. ज्यांच्या पूर्वजांनी तीस वर्षे एकमेकांची गावे जाळिली ते आज एका पळीने सूप वाढतात, आणि आपण चुन्याच्या एका रेघेपायी बोलत नाही, ही गोष्ट त्यांस लाजिरवाणी वाटली. मग त्यांनी फादर व पास्टर या दोघांस चहास पाचारण केले, आणि तटस्थ भूमी म्हणून कोपऱ्यावरची टपरी नेमिली.

फादर बसण्याआधीच म्हणाले, "पटांगणाचा विषय काढायचा नाही."

"काढत नाही," रेव्हरंड म्हणाले.

"मग रेघेचाबी काढू नका," पास्टर भोये म्हणाले. "मी नाय पुसली. पोरांच्या पायांनी पुसली."

"दिनेशभाऊ, काढू नका म्हटल्यावर तुम्हीच काढताय."

येणेप्रमाणे मसलतीस उत्तम प्रारंभ जाहला. मग शेजारी कोणास म्हणावे यावर खल चालला. रेव्हरंडांनी मूळ ग्रीक शब्दापासून आरंभ केला, आणि दुसरा चहा येऊन निवला तरी ते ग्रीसमध्येच होते, तेव्हा पास्टर म्हणाले, "शेजारी म्हंजे भिंतीला भिंत. तो खंडेराव हाय ना, तोच." फादरांनी मान डोलाविली. ठराव मंजूर. प्रीती कशाने करावी, तर नाताळच्या फराळाने, म्हणजे करंज्यांनी, हे एकमताने ठरले. खंडेरावांस काय पाहिजे हे त्यांसच विचारावे, ऐसे तीन मुत्सद्द्यांपैकी एकासही सुचले नाही.

कापडी फलक करावयाचा तर पहिले नाव कोणाचे, हा पेच उभा राहिला. तो फादरांनी सोडविला. नावे गोलाकार लिहिली, म्हणजे पहिले कोण हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि मधोमध ठळक अक्षरांत 'शेजाऱ्यावर प्रीती'. मंडळ्यांत प्रीती हा शब्द बायबलातून आलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या सोज्वळ. गल्लीत तो सिनेमातून आलेला. हा भेद कोणाच्या ध्यानी आला नाही.

रविवारी ऊन गल्लीत उतरले आणि फौजा निघाल्या. थोरल्या मंडळीचा सरंजाम आला, पुढे ललिताबाई करंज्यांचा डबा पांढऱ्या ॲक्टिव्हावर घेऊन, आणि त्यांनी गाडी वतनाच्या जागी लाविली. मग हालेलुयावाल्यांची जीप आली, टपावर भोंगा, भोंग्यातून गीते, आणि ती उतारावरून थेट खाली येऊन फाटकास नाक टेकून उभी राहिली, आणि इंजिन बंद झाले तरी गीते चालू राहिली. मग मिस्सावाले आले, आणि ऐक्य दिसावे म्हणून त्यांनी त्या दिवशी आपल्याही गाड्या पटांगणात न लाविता गल्लीतच आणिल्या. आजवरच्या सर्व रविवारांत ऐसा पक्का वेढा कधी पडला नव्हता.

फाटकाच्या आत रोहितची गाडी चालू स्थितीत उभी होती, मागल्या सीटवर मालनबाई बहिणीस आवडते ते हिरवे लुगडे नेसून, मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा धरून बसलेल्या. खंडेराव फाटकाची कडी हातात घेऊन उभे. आपण साडेआठालाच निघायला हवं होतं, असे रोहित म्हणाला. गुडघ्यांना सांग, असे मालनबाई म्हणाल्या.

तेव्हा तिन्ही सरदार पुढे झाले, आणि रेव्हरंडांनी घसा साफ करून सांगितले की आम्ही सर्व मंडळ्या मिळून आज आपल्यावर प्रीती करण्यास आलो आहोत.

खंडेरावांनी फलक वाचिला, मग तिघांचे चेहरे पाहिले, आणि वळून म्हणाले, "ऐकलंस का गं? हे तिघं माझ्यावर प्रीती करायला आलेत."

"करू द्या की," गाडीतून आवाज आला. "या घरात कोणीतरी करतंय."

मागल्या फळीत हसू फुटले, रेव्हरंड कानापर्यंत तांबडे जाहले, आणि फादरांनी करंजीचे ताट आपल्यापुढे ढालीसारखे धरिले. पास्टर भोये समजावू लागले की काका, आमच्याकडं पिरती म्हंजे येगळी, देवाघरची. त्यावर मालनबाईंनी काच खाली केली.

"कुठलीही करा हो, बाबा. पण जरा बाजूला उभं राहून करा. माझी बहीण वाट बघतेय. उद्या नेणारेत तिला."

भोंगा तेवढा गात होता. तिघांनी प्रथमच मागे वळून आपली फौज शेजाऱ्याच्या बाजूने पाहिली.

फर्मान सुटले की गाड्या काढा. मग जे जाहले त्यास माघार म्हणणेही कठीण, कारण माघारीस वाट लागते. दुचाकीत दुचाकी अडकलेली, कोणाची किल्ली घरी, कोणाची हँडलला, आणि गाड्या काढून न्यावयाच्या कोठे, हेही कोणास ठाऊक नाही. आणि जीप सुरू होईना. सकाळपासून गीते जीपच्या बॅटरीवर चाललेली, बॅटरीने प्राण सोडिला, आणि भोंगाही एका ओळीच्या मध्यावर मूक जाहला. जीपचे नाक फाटकाशी, मागे लगेच चढ, पुढून ढकलावी तर माणूस उभा राहील एवढी जागा नाही. मागून चढावर ओढणे हाच एक मार्ग होता.

"दोर पाहिजे," पास्टर म्हणाले.

सर्वांच्या नजरा फादरांकडे वळल्या. कारण गल्लीत दोर कोणाकडे आहे हे सर्वांस ठाऊक होते.

फादर तुस्कानो खिशात हात घालून उभे राहिले. थोरल्या मंडळीचे म्हणणे की ते पुष्कळ वेळ उभे राहिले, मिस्सावाल्यांचे म्हणणे की मुळीच नाही. मग त्यांनी किल्ल्या काढिल्या आणि हुकूम केला की पटांगण उघडा, सगळ्यांच्या गाड्या आत घ्या, आणि कोठीतला दोर आणा.

दोर आला, जीपच्या मागल्या हुकास बांधिला, आणि तिन्ही मंडळ्या त्यास लागल्या. पूर्वी या दोरास दोन टोके होती. आज एक टोक जीपला गेले, त्यामुळे सर्वांस एकाच टोकाकडे यावे लागले, आणि थोरल्या मंडळीतील मातबर असामी मिस्सावाल्यांच्या खांद्यास खांदा लावून उभ्या राहिल्या, आणि रेव्हरंडांनी कोट काढून दिला, त्यांस सर्वांनी प्रथमच कोटाविना पाहिले. ललिताबाई आघाडीस होत्या. पास्टरांनी डोंगरातली हाळी दिली, "ओढा रे, जोर लावा," आणि दोर ताणला. पहिल्या हिसक्यास जीप हलली नाही. दुसऱ्यास कुरकुरली. तिसऱ्यास फाटकापासून नाक सोडवून ती चढ चढू लागली, आणि ओढणारे मागे मागे सरकत पटांगणाच्या दारातून आत गेले, आणि जीपही त्यांच्या मागोमाग आत गेली. कोणाचा पाय कोठे पडला हे कोणी पाहिले नाही.

मग दुचाक्या हातोहात आत गेल्या. बदामाखाली ॲक्टिव्हा तेवढी उरली.

"माझी गाडी लहान आहे," ललिताबाई हात झटकत म्हणाल्या. "ती कुठे अडवतेय?"

"फाटक बाहेर उघडतं, ताई," खंडेराव म्हणाले. "आजवर अर्धंच उघडलंय."

ललिताबाईंनी एकवार सावलीकडे पाहिले, मग पटांगणातील उन्हाकडे पाहिले, आणि गाडी ढकलीत नेली. यास या मोहिमेतील सर्वांत मोठा त्याग म्हणावे की कसे, यावर महिला मंडळात दोन मते आहेत.

फाटक पुरे उघडले. गाडी बाहेर निघाली, दुतर्फा तिन्ही मंडळ्या भिंतीस पाठ लावून उभ्या, खिडकीतून करंज्यांची ताटे आत सरकविलेली, आणि गल्लीच्या तोंडाशी, जेथे काहीच आडवे नव्हते, तेथे शेजारच्या सीटवर बसलेल्या खंडेरावांनी रोहितच्या हाताखालून हात घालून एकदा हॉर्न वाजविला.

पुढील मजकूर रोहितच्या सांगण्यावरून. पिंपळगावास शकुबाईंच्या खाटेशी खुर्ची लावून मालनबाईंस बसविले. दोघी बराच वेळ हात धरून होत्या. मग शकुबाईंनी ताटे पाहिली.

"हे काय आणलंस?"

"करंज्या," मालनबाई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या. "तीन चर्चच्या. त्यांची आपल्यावर प्रीती आहे म्हणे."

"काय आहे?"

"प्रीती."

शकुबाईंनी करंजी मोडून तोंडात घातली. "मग केलं काय त्यांनी?"

"बाजूला झाले."

शकुबाई चावत राहिल्या. "पुष्कळ केलं," म्हणाल्या. "आमच्या घरात कोणी होत नाही." आणि दुसरी करंजी उचलली. रोहित पाळीस वेळेवर पोहोचला. शकुबाई सोमवारी पुण्यास गेल्या.

तह पुढीलप्रमाणे कायम जाहला. दर रविवारी पटांगण तिन्ही मंडळ्यांस खुले. जीपची गीते इंजिन चालू असतानाच. दोर कोठीत न ठेविता दाराशी खुंटीस टांगावा. उपासना सुटल्यावर ललिताबाई तापल्या सीटवर रुमाल घालून बसतात, आणि तिकडे मुद्दाम पाहू नये असा अलिखित करार आहे. मंजुषास व्हिडिओ कॉलवर सर्व हकीकत सांगितली, तेव्हा तिने विचारिले की सूप वाढलं का, त्यावर रेव्हरंडांनी सांगितले की नाही, जीप ओढली.

रविवारी सकाळी खंडेरावांच्या फाटकापुढे आता बदामाची सावली पडलेली असते आणि तीत काहीही नसते. मालनबाई कधी जातात, कधी नुसत्या फाटक उघडून पाहतात. फाटके घेतल्याच्या मोहिमा इतिहासात पुष्कळ नमूद आहेत. फाटक सोडल्याची ही एक, म्हणून निराळी लिहून दप्तरी दाखल केली.