दहिफळेची जांभईबंदी

होस्टेलवर आमच्या खोलीत जांभई द्यायला बंदी होती. आलीच तर व्हरांड्यात जाऊन द्यायची, असा माझा रूममेट दहिफळे याचा नियम. कारण विचारलं की म्हणायचा, "झोप चोर हाय गड्या. एकाच्या घरात शिरली की शेजाऱ्याचंबी दार ढकलती."

नगरला आम्ही इंटर सायन्सला होतो. दहिफळे तिसगावकडचा. घरातून कॉलेजात आलेला हा पहिलाच, आणि तो मेडिकलला जाणार हे गावानं परस्पर ठरवून टाकलेलं. सुट्टीत गेला की म्हाताऱ्या बाया आत्तापासूनच नाडी बघायला हात पुढे करत. बिचारा बघायचासुद्धा.

परीक्षा जवळ आली तसा तो पाय थंड पाण्याच्या बादलीत ठेवून उभ्यानं वाचू लागला. तेही पुरेना, तेव्हा मनमाड रस्त्यावरच्या ढाब्यावरून ट्रक ड्रायव्हर घेतात त्या जागायच्या गोळ्या त्यानं आणल्या. मी नको म्हणालो, तर मलाच एक देऊ केली.

आधी आम्हाला हसू यायचं. मेसमध्ये आमटीत साखर घालून ती त्यानं चहा म्हणून प्यायली. खुंटीवरच्या माझ्या रेनकोटाला रेक्टर समजून उठून उभा राहिला आणि अभ्यास ठीक चाललाय म्हणून सांगितलं. पण पुढं त्याचे हात कापायला लागले. जेवण सुटलं. पाठ केलेलं पान पहिल्यांदाच बघतोय असा बघायचा. "छातीत पिठाची गिरणी चालू हाय," एकदा म्हणाला, आणि हसला नाही.

प्रॅक्टिकलच्या सकाळी हातातल्या ब्युरेटसकट तो कोसळला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी खिशातल्या गोळ्या काढून घेतल्या आणि आता फक्त झोपायचं, असं बजावलं. त्या वर्षीची परीक्षा गेलीच. दहिफळे टक्क डोळ्यांनी छताकडे बघत पडून राहिला.

दुपारी मी निघालो तशी त्यानं माझी बाही धरली.

"जाऊ नको. घरी आमी सगळी भावंडं एका वाकळंवर झोपतो. इथं आल्यापासनं रात्री एकट्याला झोपच येत न्हाई. कुनाला सांगायचं? मग म्हनलं, जागाच हाय तर वाचावं. दिवसा पेंग यायची, म्हनून त्या गोळ्या."

मी चपला काढल्या आणि त्या अरुंद कॉटवर त्याच्या शेजारी आडवा झालो. त्यानं डोकं माझ्या खांद्याला टेकलं. थोड्या वेळानं तो घोरू लागला.

भेटीची वेळ संपल्याचं सांगायला नर्स आली. आमच्याकडे बघून तिनं फक्त खिडकी लोटून घेतली.