माझी पाच वर्षांची ढोलसाधना

मंगळवारी सकाळी अकरा वाजता नोकरदार माणसाने घरी असू नये. असलाच, तर निदान कॉम्प्युटरसमोर बसू नये. मी दोन्ही केलं, म्हणून तर ही कथा.

गोष्ट दोन हजार नऊ सालच्या फेब्रुवारीतली. दुबईच्या देऱ्यातली आमची कंपनी फॉल्स सीलिंग करते, म्हणजे तोपर्यंत करायची. मंदी आली आणि दुबईतल्या इमारती जिथल्या तिथे थांबल्या. इमारतीच वर जाईनात, तर छत कुणाला हवंय? साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "मंगळवार-बुधवार घरी बसा, पगार त्या हिशेबाने मिळेल, इन्शाल्ला." (हा 'इन्शाल्ला' नेमका कशाला होता, घरी बसण्याला की पगाराला, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.) मंदीचा फायदा म्हणाल तर एकच झाला. शारजाहून देऱ्याला जायला पूर्वीपेक्षा पाऊण तास कमी लागू लागला, आणि नेमके तेव्हाच माझे जायचे दिवस कमी झाले.

कऱ्हाडला आईला यातलं अक्षरही कळवलं नव्हतं. आखातातल्या मराठी माणसाचा अलिखित नियमच आहे: घरून फोन आला की "सगळं मस्त" म्हणायचं. एसी बंद पडो, व्हिसा अडको, सगळं मस्त. तिकडे सांगितलेलं इकडे कुणी तपासत नाही आणि इकडे घडलेलं तिकडे कुणाला दिसत नाही, या भक्कम पायावर आमचे संसार उभे आहेत.

त्या दिवसांत आमच्या मराठी चॅनलवर 'दणका' नावाची मालिका चालू होती. महाराष्ट्रातली चोवीस ढोल-ताशा पथकं, चुरस, परीक्षक, दर आठवड्याला एक पथक घरी. तासाभराच्या कार्यक्रमात वाजवणं दहा मिनिटं, उरलेली पन्नास मिनिटं रडणं. प्रत्येक पथकात एकाचा खांदा निखळलेला असे, आणि एका मुलीच्या वडिलांचा विरोध असे. शनिवारी तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे आमचे साडेसात. शारजातल्या अल मजाजमधल्या अकराव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा स्वयंपाकघर बंद असायचं.

शोभना, म्हणजे माझी बायको, पहिल्या ब्रेकच्या आतच डोळ्यांना पदर लावायची. (ती सलवार-कमीज घालते. पदराचं काम ओढणी करते.) आमची इरा तेरा वर्षांची, शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारी. ती मात्र रडायची नाही. मांडीवर बोटांनी ठेका धरून म्हणायची, "दे आर रशिंग, बाबा. तो ताशा बघ, ढोलच्या पुढे पळतोय."

मी म्हणायचो, "गप बस, ऐकू दे."

इथे एक कबुली द्यायला हवी. घरी इरा ड्रमचा सराव करायची तेव्हा माझं डोकं उठायचं. म्हणून मी तिला सोफ्याची उशी दिली होती. दोन वर्षं ती पोर उशीवर ड्रम वाजवत होती, आणि मी पेपर वाचत होतो.

कार्यक्रमाच्या शेवटी प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचून दाखवत. जळगावच्या बाईंना निवेदिकेची नथ खोटी वाटे, सांगलीचे एक निवृत्त मुख्याध्यापक 'फेटे सैल आहेत' असं दर आठवड्याला न चुकता कळवत. त्या मंगळवारी अकरा वाजता, घर रिकामं असताना, मला वाटलं, आपणही लिहावं. मनात काही नव्हतं. ऑफिसात रोज तीस ईमेल लिहायची बोटांना सवय, ती शिवशिवत होती, एवढंच.

मी लिहिलं: 'नाशिकच्या पथकाचा ताशा ढोलाच्या पुढे पळतो. त्याला आवरा.' एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण वाचल्यावर वाटलं, हे सांगणारा कोण, असं कुणी विचारलं तर? म्हणून पुढे लिहिलं: 'मी स्वतः कऱ्हाडला पाच वर्षं पथकात ढोल वाजवला आहे. आज परदेशी मोठ्या जबाबदारीच्या पदावर असूनही तो नाद कानांतून जात नाही.'

खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकदाच ढोल धरला होता. दुसरीत. फोटोसाठी.

शनिवारी आम्ही तिघं टीव्हीसमोर. शेवटी निवेदिका हसून म्हणाली, "मंगळवारी अगदी भर सकाळी आपल्याला ईमेल पाठवलाय थेट शारजाहून हेमचंद्र काळसेकर यांनी!" आणि तिने तो अख्खा वाचला. परीक्षकांनी माना डोलावल्या. एक जण म्हणालासुद्धा, "जाणकार माणूस आहे."

तिकडे पाठवलेलं पत्र उपग्रहावरून उलटं इकडे येऊन पडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कार्यक्रम मी इकडे बसूनच बघत होतो, तरीही नाही. याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. शोभनाने काय म्हणायचं ते लगेच ठरवलं.

"पाच वर्षं?" ती हळूच म्हणाली. "कधी?"

मी उत्तर जुळवतोय तोवर इराने माझा दंड धरला. "बाबा! यू प्लेड? आणि ताशाचं मी म्हटलं होतं, तुलापण तेच वाटलं?"

"रक्तातच असतं ते," मी म्हणालो. (माणूस बुडायला लागला की असली वाक्यं आपोआप सुचतात.)

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी ती चार-पाच वर्षांची असताना बघायची. अलीकडे मी तिच्यासाठी शाळेत सोडणारा आणि नेटचं बिल भरणारा माणूस होतो. त्या नजरेसमोर खरं बोलणं मला जमलं नाही. सगळी गोम तिथे आहे.

तेवढ्यात फोन वाजला. विलास, आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी.

"हबीबी! छुपा रुस्तम निघालास! एक मे शुक्रवारी येतोय, दुबईत ऊद मेथाच्या शाळेचा हॉल मिळालाय. महाराष्ट्र दिनाला तुझा ढोल!"

"अरे, आता सराव नाही, खांदाही..."

"खांदा प्रत्येकाचाच निखळतो, मी पण बघतो 'दणका'. ढोल मंडळाचा आहे, पुण्याहून कार्गोने आणलेला. उद्या पाठवतो. खलास!"

आणि इरा मागून ओरडली, "विलास अंकल, मी ताशा वाजवणार! बाबांबरोबर!"

दुसऱ्या दिवशी ढोल आला. लिफ्टमध्ये ढोल मावला, मग मी मावलो नाही. दारातून आत घेताना चपलांचा स्टँड पडला. ढोलाला दोन तोंडं, एकावर टिपरू मारायचं, दुसऱ्यावर हात, एवढं मी टीव्हीवर बघितलं होतं. कोणत्यावर काय, तिकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा सराव ठरला. खालच्यांना त्रास नको म्हणून ढोलावर दुलई टाकली. इरा उशी घेऊन समोर. ती "वन, टू, थ्री, फोर" म्हणायची आणि मी साधारण पाचच्या सुमारास वाजवायचो. मी अडखळलो की म्हणायची, "फाइव्ह इयर्समध्ये तुम्ही लोक काउंट करत नव्हतात का?"

"आमच्या वेळी मोजत नसत. अंगात यायचं," मी म्हणायचो.

आठव्या दिवशी बेल वाजली. दारात इमारतीचा वॉचमन वली, मागे शिडी घेतलेले दोन एसीवाले, त्यांच्या मागे दहाव्या मजल्यावरच्या बिलकीस आपा.

"भाईसाब, माफ करना," आपा म्हणाल्या, "आठ दिनसे आपका एसी बहुत तकलीफमें है. रोज साढ़ेपाँच बजे शुरू होता है. पहले धीरे, फिर जैसे दम घुट रहा हो."

"कंप्रेसर गया, साब," वली म्हणाला. "पक्का."

मी सांगायला तोंड उघडणार, इतक्यात शिडी लागली. एसीवाल्याने आमच्या बेडरूमचं फॉल्स सीलिंग खोललं, आत बॅटरी मारली, मशीनला कान लावला.

"अभी तो ठीक है," तो वरून म्हणाला. "आवाज कब आता है?"

शोभना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ओढणी तोंडावर धरली होती. या वेळी रडण्यासाठी नव्हे. "बजाके दिखाओ ना इनको," ती मला म्हणाली.

मी दुलईखालचा ढोल दोनदा वाजवला. एसीवाला शिडीवरून खाली उतरला. वलीने दुलई उचलून बघितली आणि पुन्हा नीट टाकली. शेवटी बिलकीस आपा फार मायेने म्हणाल्या, "अच्छा, सीख रहे हैं. कोई बात नहीं, बेटा. शुरूमें सबका ऐसाही होता है."

इराने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. आता विचारेल. पण ती फक्त म्हणाली, "यल्ला बाबा, चल, फ्रॉम द टॉप."

जाता जाता एसीवाल्यांनी सीलिंगचा एक पत्रा वाकडा बसवला. बावीस वर्षं फॉल्स सीलिंगच्या धंद्यात काढलेला माणूस रोज रात्री त्याखाली झोपत होता, आणि त्याला तो सरळ करायचा धीर नव्हता. कारण तो वाकडा पत्रा बघितला की मला माझं खोटं दिसायचं.

एक मेला सकाळी ऊद मेथाला जाताना गाडीत आम्ही दोघंच होतो. शोभना विलासच्या बायकोबरोबर बटाटेवडे घेऊन पुढे गेली होती. मागच्या सीटवर ढोल, त्याला सीटबेल्ट. पुलाजवळच्या सिग्नलला माझ्याने राहवेना.

"इरा, मी पथकात कधीच नव्हतो. एक दिवससुद्धा नाही."

"आय नो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"फर्स्ट डे. तू टिपरू पेनसारखं धरलंस."

मागच्याने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता. मी गाडी काढली.

"मग बोलली का नाहीस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "तू रोज साडेपाचला यायचास, बाबा. उशी देऊन गप्प नाही केलंस, माझ्याबरोबर वाजवलंस. मी विचार केला, इफ आय टेल, यू विल स्टॉप."

दोन वर्षं मी त्या पोरीचा आवाज उशीत दाबला होता, आणि तिने माझं खोटं दोन महिने सांभाळलं होतं. तेव्हा मला स्वतःची खूप लाज वाटली, आणि तितकाच आनंदही झाला. दोन्ही एकदम होतात हे मला माहीत नव्हतं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"सिंपल. मी मान हलवली की मार. नाही हलवली तर नको मारू."

एवढी स्पष्ट सूचना मला ऑफिसातही कधी मिळाली नव्हती.

हॉल भरलेला. विलासने "पाच वर्षांचा अनुभव" असं तीनदा सांगितलं. मी पडद्यामागे ढोल कमरेला बांधला, फेटा सावरला आणि स्टेजवर आलो. इराने मान हलवली. मी जीव खाऊन टिपरू मारलं. 'धूम' व्हायच्या ऐवजी 'टण्ण' झालं. मी ढोल उलटा बांधला होता.

हॉलमध्ये हशा पिकला. मी टिपरू खाली घेतलं. पण इरा थांबली नाही. तिने त्या 'टण्ण'ला ताशावर उत्तर दिलं, माझ्याकडे बघून भुवई उडवली, आणि पुन्हा मान हलवली. टण्ण. तिचं उत्तर. टण्ण. तिचं त्याहून लांब उत्तर. लोकांना वाटलं, बसवलेलंच आहे. शेवटी ती एकटी वाजवू लागली आणि अख्खा हॉल टाळ्यांनी तिच्या ठेक्यात आला. उशीशिवाय माझी मुलगी कशी वाजवते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझं डोकं अजिबात उठलं नाही.

इथे कथा संपती तर बरं झालं असतं. पण विलासने त्याची व्हिडिओ क्लिप 'दणका'ला पाठवून दिली.

दोन शनिवारांनी ती दाखवली. वीस सेकंद. परीक्षकांनी इराचं फार कौतुक केलं. माझ्याबद्दल "आणि सोबत तिचे बाबा," एवढं म्हणाले. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि निवेदिकेने पुढचं पत्र उघडलं.

"हे कऱ्हाडहून, इंदुमती काळसेकर यांचं. आजी लिहितात, 'हेमचंद्र माझा धाकटा मुलगा. तो पाच वर्षं म्हणाला ते चुकून. पाच मिनिटं होती. ढोलाच्या आवाजाने घाबरून रडायला लागला म्हणून काढून घेतला. पुरावा म्हणून फोटो पाठवते. नात मात्र खरी हुशार आहे.'"

पडद्यावर फोटो आला. हाफ पँट, कपाळाला गंध, तोंड वासून रडणारा मी, आणि पोटावर माझ्याहून मोठा ढोल.

इरा टीव्हीजवळ गेली. वाकून बघितलं. "बाबा," ती म्हणाली, "इथेपण उलटा बांधलाय."

मी तडक कऱ्हाडला फोन लावला. "आई, सगळ्या जगासमोर?"

"अगो बाई! तिकडे दिसतो होय हा कार्यक्रम? मला वाटलं, इकडचं तिकडे काय दिसतंय." मग जरा थांबून म्हणाली, "बाकी कसं काय?"

"सगळं मस्त," मी सवयीने म्हणालो.

"असेल, असेल. पण मंगळवारी भर सकाळी ईमेल लिहिणाऱ्याला ऑफिस असतं होय रे? तेव्हाच कळलं मला. काळजी नको करू, होईल सगळं नीट."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि हे बघ," आई म्हणाली, "घरी बसलाच आहेस, तर ढोल सरळ बांधायला तरी शीक."