फक्त प्रेमदास नको

समुद्रपुरात त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहात, तान्ह्या पोळ्याच्या बैठकीत प्रेमदास पाचव्यांदा अध्यक्ष झाला आणि चंद्रभानला चहा कडू लागला. मंडप चंद्रभाननं बांधायचा, भोंगा चंद्रभाननं लावायचा आणि पोरांनी लाकडी बैल सजवून आणले की फेटा बांधून खुर्चीत बसायचं, बक्षिसं वाटायची ती प्रेमदासनं! परका असता तरी चाललं असतं. पण हा पडला साडू. म्हणून जास्तच जळायचं.

"काऊन तोंड पाडून बसले?" घरी बायकोनं, नलूनं, विचारलं.

"त्याच्यात असं काय हाय जे माह्यात नाई?"

"फेटा शोभते भाऊजींले."

चंद्रभाननं ताट सरकवलं. कोपऱ्यात त्याचा मुलगा निकेश स्पर्धा परीक्षेचं मासिक वाचत होता.

"बाबा, हा युरोपातल्या स्लोव्हाकियाचा फिको पाहा. वकील होता. पार्टीनं पाह्यजे ते पद नाई देल्लं, त नव्व्याण्णवमंदी पार्टीच सोडली. सोताची काढली, 'दिशा' नावाची. आता जुलैत पंतप्रधान झाला."

"म्हंजे सात वर्षं लागले?"

"हो."

"माह्याजवळ आठ दिवस हायेत. पन आपलं काम बी लहान हाय."

दुसऱ्या दिवशी चौकात 'नवी दिशा तान्हा पोळा समिती'चा बोर्ड लागला. येणाऱ्या प्रत्येक पोराला कंपासपेटी! प्रेमदासनं पाण्याची बाटली जाहीर केली. चंद्रभान टिफिनवर गेला. प्रेमदासनं टिफिनात लाडू टाकला. पोरं बिनधास्त दोन्हीकडे नावं लिहून आली.

"गल्लीत बैल एकतीस," निकेश म्हणाला. "आपले पक्के नऊ."

"मंग तुया फिकोनं काय केलं असतं?"

"त्याले बी एकट्याले बहुमत नोतं. दोन पार्ट्या सोबत घेतल्या, तवा सरकार झालं."

चंद्रभान ताडकन उठला. "बैल कोन सजवते? पोरायच्या माया! अन् त्या साऱ्या कोनाच्या बचत गटात? तुया मायच्या!"

तो थेट स्वयंपाकघरात गेला. नलूला इतक्या नरमाईनं त्यानं लग्नाच्या दिवशीही हाक मारली नव्हती.

"पाठिंबा देऊ," नलू पोळी उलटत म्हणाली. "पन खुर्चीवर गटाची बाई बसन."

चंद्रभानच्या डोळ्यांपुढे प्रेमदासचा फेटा आला. "बसवा कोनाले बी. फक्त प्रेमदास नको!"

त्याच संध्याकाळी चार घरं सोडून प्रेमदास आपल्या बायकोपुढे उभा होता. शोभाबाई म्हणजे नलूची मोठी बहीण, आणि त्याच गटातली.

"कोनीबी चालन," तो म्हणत होता, "पन चंद्रभान नको."

सकाळी दोघी बहिणी नळावर भेटल्या. पाण्याचे गुंड भरेपर्यंत दोन्ही समित्यांची एक झाली.

तान्ह्या पोळ्याला एकच मंडप पडला. दोन खुर्च्या, दोन फेटे आणि फेट्यांखाली नलू आणि शोभाबाई. एकतीसच्या एकतीस बैल आले. चंद्रभानला भर उन्हात पोरांची रांग सांभाळायला दिली आणि प्रेमदासला निंबाखाली, पाण्याच्या ड्रमापाशी उभं केलं.

रांगेतलं एक पोरगं चंद्रभानच्या पायावरून बैलाचं चाक घालून गेलं, पण त्याचं लक्षच नव्हतं. तो निंबाकडे पाहत होता. प्रेमदास सावलीत ग्लास भरत होता आणि सारी पोरं 'काका, मले! काका, मले!' करत त्यालाच चिकटली होती.

चंद्रभाननं निकेशला बाजूला ओढलं.

"पाह्य बरं, पुढच्या साली ड्रमासाठी कोनाले भेटा लागते?"