आधी सांगणारे पाटणकर

दोहातल्या मुशैरिब भागातल्या आमच्या ऑफिसात कुणी एखादा प्रोग्रॅम बंद करायला निघालं की पाटणकर मान वर न करता विचारत, "त्याला सांगितलं का?"

माणूस असो वा प्रोग्रॅम, न सांगता उठवायचा नाही, हा त्यांचा नेम. भरलेल्या लिफ्टमध्ये शिरतानाही "येतोय हं" म्हणायचे, आत एकालाही मराठी येत नसलं तरी. मूळचे नाशिकचे. मुलीच्या कॉलेजसाठी बायको आणि मुलगी परत गेलेल्या, हे शहराबाहेर उम्म सलाल मोहम्मद या गावात एकटे. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. डब्यातल्या रोजच्या खिचडीवरून आम्हीच ओळखलं.

वर्ल्ड कप जवळ येत होता आणि आम्ही सगळे पार दमलो होतो. कामगारांच्या बसफेऱ्या ठरवणारा प्रोग्रॅम आमच्याकडे होता. सारखे बदल व्हायचे, की तो बंद करून पुन्हा सुरू करायचा. दर वेळी शेवटच्या काही नोंदी गायब. मॅनेजर म्हणायचे, यल्ला, पुढे चला. पाटणकर हलेनात.

शेवटी त्यांना सापडलं. आमचा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या एका बंद खोलीत चालायचा. त्याला सुरू करून देणारी छोटी स्क्रिप्ट दाराशी बसून राहायची. 'आवरतं घे' हा सिग्नल तिच्याकडे यायचा आणि ती तो आत पाठवतच नव्हती. आतला बिचारा काम करत राहायचा, आणि थोड्या वेळानं सर्व्हर त्याला सरळ मारून टाकायचा. हातातल्या नोंदी तशाच जायच्या.

पाटणकरांनी स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत एक शब्द घातला. आता स्क्रिप्ट प्रोग्रॅमला आपली जागा देऊन बाजूला व्हायची. सिग्नल थेट त्याला मिळू लागला आणि नोंदी टिकल्या. मॅनेजर "खलास, झालं काम" म्हणाले. मला फक्त झोप हवी होती.

पण गायब नोंदींत एक रद्द झालेली फेरी होती. तिच्यापायी सोनवणे नावाचा बीडचा ड्रायव्हर रिकाम्या साइटवर दुपारभर उन्हात थांबला होता, वर सुपरवायझरची बोलणी खाऊन आला होता. त्याला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं.

शुक्रवारी पाटणकर मला घेऊन इंडस्ट्रियल एरियात त्याच्या खोलीवर गेले. सोनवणे भाकरी थापत होता. पाटणकरांनी त्याला कंटेनर, स्क्रिप्ट, सिग्नल, सगळं समजावलं. मी भिंतीला टेकून डुलक्या घेत होतो.

सोनवणेनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी माझी चूक नव्हती ना, साहेब?"

"नव्हती. आमची होती."

"मग बसा. जेवूनच जा."

जेवताना पाटणकरांनी दुसरी भाकरी मागून घेतली. मग नको नको म्हणत असताना तिघांची ताटं स्वतः घासली, हात पुसले आणि रजा मागावी तशा आवाजात विचारलं, "पुढच्या शुक्रवारी आलो तर चालेल का?"

सोनवणे तवा उतरवत म्हणाला, "या की. एकट्याला जेवण जात नाही."

पाटणकर खिडकीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.