वडील (हयात), सर्व हक्कांसह

घरी बसून लेख लिहिणाऱ्या माणसाला काहीच काम नसतं, असा घरच्यांचा समज असतो आणि तो बऱ्याच अंशी खरा असतो. या गोष्टीतल्या लेखकाचं टेबल वॉशिंग मशीन आणि चपलांचं कपाट यांच्या मधल्या जागेत होतं. मशीन फिरायला लागलं की त्याचे विचारही गदगदा हलत. 'काही लिहून हवंय का', असं तो संपादकांना विचारी. संपादक 'कळवतो' म्हणत आणि अजूनही बहुतेक कळवण्याच्या तयारीतच असत.

बायको बँकेत होती. एका सकाळी डबा भरता भरता ती म्हणाली, "मागणी आली की लिहायचं, हे सोड आता. शिंप्याकडे माप द्यायला कोण जातं हल्ली? लोक तयार कपडे घेतात. तूही तयार लेख विकायला ठेव."

सल्ला व्यवहारी होता, त्यामुळे लेखकाला तो आधी अपमानास्पद वाटला आणि दुपारपर्यंत पटला. तयार लेखांची ऑनलाइन बाजारपेठ होतीच. लेखकाने लेख लिहून तिथे मांडायचा. गिऱ्हाइकाने वरच्या चार ओळी वाचायच्या आणि आवडला तर विकत घ्यायचा. घेतला की लेख त्याचा, सर्व हक्कांसह. तो त्याखाली स्वतःचं नाव घालणार. लेखकाने पुन्हा जन्मात 'हा मी लिहिला' म्हणायचं नाही. म्हटलं तर जबर दंड. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, फक्त इथे बीळ खणणाऱ्याला नागोबा रीतसर पावती देत असे.

लेखकाने झपाट्याने दुकान भरलं. 'पहाटे उठण्याचे फायदे' हा लेख त्याने अकराला उठून लिहिला. 'फरशीवरचे डाग', 'तणावमुक्त कार्यालय', 'बचतीची सवय' असे, ज्यातलं आपल्याला काही कळत नाही त्या प्रत्येक विषयावर त्याने सढळ हाताने लिहिलं. एकही लेख खपला नाही. शेवटी त्याने बाजारपेठेच्या साहाय्य कक्षाला कारण विचारलं.

उत्तर आलं: "आदरणीय विक्रेता, माहिती आता फुकट मिळते. तुटवडा अनुभवांचा आहे. आमचे ग्राहक अत्यंत व्यग्र असल्याने त्यांना अनुभव घेण्यास सवड होत नाही. आपल्याकडे काही शिल्लक असल्यास मांडावेत. आई, वडील, गरिबी आणि पहिलं अपयश यांना चांगला उठाव आहे. वडिलांमध्ये दिवंगत जास्त चालतात, कारण ते हरकत घेत नाहीत. आपली नम्र, आनंदसेविका."

लेखकाचे वडील हयात होते. नुसते हयात नव्हते, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर उभे राहून पंखा कुरकुरतो कशामुळे ते ऐकत होते. त्यांचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. निवृत्तीनंतर वर-खाली जाणारं काही हाताशी नसल्यामुळे ते गोल फिरणाऱ्या वस्तूंवर भागवत होते.

त्यांच्याकडे बघता बघता लेखकाला ती दुपार आठवली. लहानपणी त्याला लिफ्टची भयंकर भीती वाटायची. एकदा बाबा त्याला एका नव्या, रिकाम्या इमारतीत घेऊन गेले. दोन मजल्यांच्या मधे त्यांनी लिफ्ट थांबवली, खाली मांडी घातली आणि आपला डबा उघडला. "जेवून घेऊ," म्हणाले. जेवण झाल्यावर विचारलं, "अजून भीती वाटते?" तो म्हणाला, "थोडी." बाबा म्हणाले, "मग बसू थोडं." त्याची भीती जाईपर्यंत ते बसून राहिले. खाली कुणीतरी दारावर धपाधप मारत होतं, पण ते हलले नाहीत.

लेखकाने ते सगळं जसंच्या तसं लिहिलं. मग त्याने चष्मा पुसला आणि लेख 'वडील, हयात, तांत्रिक' या कप्प्यात टाकला. संध्याकाळच्या आत तो विकला गेला.

रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत तो छापून आला. लेखक म्हणून गाद्यांच्या एका मोठ्या कारखान्याच्या तरुण मालकाचं नाव होतं. फोटोत त्याने हनुवटीला हाताचा टेकू दिला होता, लेखाचं ओझं सोसवत नसल्यासारखा.

"अरे, ऐक," म्हणून बाबांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला आणि चष्मा काढला. "याला म्हणतात मुलगा. एवढा मोठा माणूस, पण बापाने काय केलं ते विसरला नाही."

"हं," लेखक म्हणाला.

"मीसुद्धा तुला असाच घेऊन बसलो होतो एकदा. लहान होतास तू. तुला कुठलं आठवायला!"

वरवर पाहता 'आठवतंय' एवढं म्हणायला कराराची आडकाठी दिसत नव्हती. पण लेखक पापभीरू होता. आज 'आठवतंय' म्हटलं की उद्या 'मग तू का नाही लिहिलंस' हा प्रश्न येणार, आणि त्याच्या उत्तराला दंड होता.

"नाही आठवत," तो म्हणाला.

"नाहीच आठवणार," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी कात्री मागवली आणि तो लेख नीट कडेकडेने कापून घेतला.

स्वयंपाकघरात बायकोने लेखकाला गाठलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय त्यांचा. सांगून टाक ना!"

"करार आहे."

"वडिलांशी?"

"बाजारपेठेशी."

"मग वडिलांशी काय आहे तुझं?" तिने विचारलं. लेखकाने फ्रिज उघडला, आत बघितलं आणि बंद केला.

बाबांनी वर्तमानपत्रातून फोन नंबर मिळवला आणि गादीवाल्यांना फोन करून तोंडभर आशीर्वाद दिले. त्यांनी आशीर्वाद दिले तेव्हा गादीवाल्यांच्या घरी मात्र आग लागली होती. थोरले गादीवाले, म्हणजे तरुण गादीवाल्यांचे खरे वडील, गुडघ्यांमुळे आयुष्यभर तळमजल्यावर राहिले होते. लिफ्टमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. "मी कुठे जमिनीवर बसून डबा खाल्ला रे?" असं ओरडत ते घरभर फिरत होते. तेवढ्यात लिफ्ट दुरुस्ती कामगारांच्या संघटनेने त्यांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर केला आणि थोरले एकदम शांत झाले. सत्कार होणार असेल तर माणूस जन्मभराचा धंदा बदलायला तयार होतो, बसून डबा खाणं तर किरकोळ.

आता पंचाईत अशी झाली, की सत्कारात कुणी चार प्रश्न विचारले तर? तेव्हा गादीवाल्यांना त्या फोन करणाऱ्या म्हाताऱ्या लिफ्टवाल्याची आठवण झाली. दुसऱ्या दिवसापासून बाबांना न्यायला गाडी येऊ लागली. पाना कसा धरायचा, दार उघडताना दुसरा हात कुठे ठेवायचा, गिऱ्हाईक 'कधी सुरू होणार' असं विचारतं तेव्हा कुठे बघायचं, हे सगळं बाबा थोरल्यांना शिकवू लागले. फोटोसाठी त्यांनी आपली हत्यारांची जुनी पिशवीसुद्धा दिली.

"माणूस भला आहे," एका संध्याकाळी ते म्हणाले, "पण लिफ्टमधलं त्याला ओ की ठो कळत नाही. काम सोडून वर्षं झाली ना, विसरला असेल बिचारा. मुलाला घेऊन बसला होता, तेसुद्धा त्याच्या नीट लक्षात नाही. मग मीच आपलं सांगितलं सगळं. डब्यात काय होतं, तेसुद्धा."

लेखकाचं धाबं दणाणलं. त्याने साहाय्य कक्षाला कळवलं. उत्तर आलं: "आपले वडील ग्राहकाच्या मालकीच्या प्रसंगाचे विनापरवाना कथन करीत असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. श्रोता स्वतः ग्राहकाच्या कुटुंबातील असल्याने तूर्त कारवाई करीत नाही. तथापि वडिलांस समज द्यावी. आपली नम्र, आनंदसेविका."

मग सत्काराचं निमंत्रण आलं. जीवनगौरव थोरल्यांना, आणि 'विशेष सहकार्याबद्दल' बाबांना एक पुष्पगुच्छ. दोघांच्याही मुलांनी वडिलांविषयी दोन शब्द बोलावेत, अशी विनंती खाली छापली होती.

"बोलशील ना?" बाबांनी विचारलं. ते पंख्याच्या बटणाचा स्क्रू पिळत होते, मान वळवली नाही. "जगासाठी एवढं लिहितोस. नाही जमलं तर राहू दे."

लेखकाला ते फार लागलं. त्याच दुपारी तो टेबलाशी बसला. आपण लेखक आहोत, आपल्याला वडील आहेत, मग अडचण कसली? पण लिहायला घेतलं आणि ध्यानात आलं की माल शिल्लक नाही. पहिला लेख खपल्यावर हात मोकळा झाला होता. बाबांचं शिट्टी वाजवत दाढी करणं त्याने एका दंतवैद्याला विकलं होतं. दप्तराची तुटलेली कडी त्यांनी लिफ्टच्या सुट्या भागातून बसवून दिली, ते एका आमदाराला. आजारपणात उशाशी बसणं तर दोनदा विकलं होतं, एकदा तापाचं आणि एकदा गालगुंडाचं. वडिलांचा कप्पा झाडून पुसून रिकामा झाला होता. उरलं होतं ते त्यांचं नाव आणि रक्तगट.

तेव्हा त्याने कुठलाही शहाणा माणूस करील तेच केलं. 'वडील, हयात, निवृत्त, सभेत वाचण्याजोगा' असा शोध घेऊन कुणा अनोळखी माणसाचा एक लेख विकत घेतला. विक्रेता असल्यामुळे त्याला सवलतही मिळाली.

सभागृह भरलं होतं. थोरले गादीवाले बाबांची पिशवी मांडीवर घेऊन व्यासपीठावर बसले होते. तरुण गादीवाल्यांनी लिफ्टचा लेख वाचला. 'मग बसू थोडं' या वाक्यावर त्यांचा आवाज बरोबर कापला. सगळं सभागृह हळहळलं. बाबा दुसऱ्या रांगेत डोळे पुसत थोरल्यांकडे कौतुकाने बघत होते. आपल्या मुलाकडून आपल्याला हवं होतं ते दुसऱ्याच्या मुलाने दुसऱ्याच बापाला द्यावं आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, हे लेखकाला बघवेना. तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं.

त्याने विकतचा लेख वाचला. त्यातले वडील मुलगा उशिरा घरी येईपर्यंत जागे राहायचे. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की झटकन दिवा मालवून भिंतीकडे तोंड करायचे आणि झोपल्याचं सोंग घ्यायचे. लेखकाने ते स्वच्छ उच्चारात, न अडखळता वाचलं. टाळ्या पडल्या, पण बेताच्या. लोकांचं रडून झालं होतं.

घरी परतताना बाबा पुष्पगुच्छ उलटा धरून चालले होते.

"तुला ठाऊक होतं होय?" ते एकदम म्हणाले.

"काय?"

"मी जागा असायचो ते. मला वाटायचं, तुला खरंच वाटतं मी झोपलोय." ते ओशाळं हसले. "कधी कधी तर मुद्दाम घोरायचो."

लेखकाला ठाऊक नव्हतं. कॉलेजात असताना तो उशिरा यायचा, अंधारात चाचपडत जेवायचा आणि या घरात आपली कुणाला पर्वा नाही म्हणून मनातल्या मनात चरफडायचा. तो राग त्याने पुढे कितीतरी वर्षं जपून वापरला होता.

"एवढं लक्षात ठेवलंस, आणि कधी बोलला नाहीस," म्हणत बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "त्या गादीवाल्याचंही छान होतं. पण तुझं खरं वाटलं रे."

लेखकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताच त्याने कपडेही न बदलता साहाय्य कक्षाला लिहिलं. छापायचं नाही, सभेत सांगायचं नाही. फक्त घरात, दार लावून, एकट्या वडिलांना एवढंच सांगायचं आहे की, लिफ्टमधली ती दुपार मला आठवते. चालेल का?

उत्तर लगेच आलं: "आदरणीय विक्रेता, विकलेली आठवण मनात बाळगण्यास हरकत नाही. मात्र संबंधित वडील हयात असेपर्यंत ती त्यांच्यासमोर बोलून दाखवता येणार नाही. त्यांच्या पश्चात ती कोणासही, कितीही वेळा आणि कितीही गहिवरून सांगण्याची पूर्ण मुभा आहे. आपली नम्र, आनंदसेविका."

"विजेचं बिल भरलंस का रे?" बाहेरून बाबांनी विचारलं.

"भरलं, बाबा," लेखक म्हणाला.

अट जुलमी आहे, यात शंका नाही. पण लेखकाला निदान तिचे पैसे मिळाले होते. तुम्ही-आम्ही ती फुकट पाळतो.